दऱ्या आणि दर्या

कल्याणच्या मावसभावाचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसले होते. "अगं, माळशेजला दर्या कधी आला?" एवढं विचारून तो जो हसत सुटला, तो थांबेचना. मला काही कळेना. माळशेजवर मी लिहिलं होतं खरं. लहानपणी बाबांबरोबर कल्याणहून एसटीने जुन्नरला गेले होते त्याबद्दल. पावसाळी दुपार, गाडीच्या गळक्या टपाखाली उघडलेल्या दोन छत्र्या आणि वळणावळणाला पायाखालून निसटून जाणाऱ्या, धुक्याने काठोकाठ भरलेल्या दऱ्या. आदल्या रात्री मोठ्या हौसेने तो मजकूर माझ्या नव्याकोऱ्या संकेतस्थळावर चढवला होता. हात पुसून उघडून बघितलं. एका ठिकाणी नव्हे, अकरा ठिकाणी 'दर्या' झाला होता. र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला होता आणि अख्ख्या घाटाचा समुद्र झाला होता. खाली आतेबहिणीच्या लग्नाचा उल्लेख होता. तिथल्या आचाऱ्यांचे आचार्य झाले होते आणि त्यांनी पहाटे चारला उठून जिलब्या तळल्या होत्या.

हसू आलं. पण त्याहून जास्त लाज वाटली. मी कंपोझिटरची मुलगी.

बाबा ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे. उतरत्या फळीवर लाकडी केस, तिच्यात अक्षरांची बारीक बारीक घरं, डाव्या हातात स्टिक आणि उजवा हात दाणे टिपणाऱ्या पाखरासारखा या घरातून त्या घरात. बघायची गरज त्यांना पडत नसे. अक्षर उलटं, ओळ मात्र डावीकडून उजवीकडे. त्यामुळे आरशातलं वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती की हजामाच्या दुकानात समोरच्या आरशातून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर ते सरळ वाचल्यासारखं वाचत. लग्नसराईत 'श्री' संपायचे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' म्हणून सुरू होणाऱ्या पत्रिका आठ-दहा एकदम आल्या की कुणाचं तरी छापून होईपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागे. छापून झालं की खिळे पुसून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत जोखमीचं, कारण चुकीच्या घरात पडलेला खिळा गप्प बसून राहतो आणि महिन्याभराने कुणाच्या तरी श्रद्धांजलीत उगवतो.

त्या केसमध्ये एका कोपऱ्यात तो खिळा असे. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'तुताऱ्या' यांच्यातला तो आडवा, वाकडा, अर्धा र. बाबा त्याला 'भुवई' म्हणत. "हिंदीवाल्यांना ही लागत नाही, आपल्याला हिच्यावाचून चालत नाही," असं ते सांगत, आणि सांगताना त्यांची स्वतःची भुवई वर जात असे. मराठी छापायचं तर भुवई हवीच. आणि मी, त्यांची मुलगी, भुवई नसलेली मराठी जगासमोर मांडून बसले होते.

या भानगडीत मी पडले ती २०१७च्या फेब्रुवारीनंतर. त्या वर्षी नव्वदावं साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत झालं. पुस्तकांच्या गाळ्यांतून तीन दिवस हिंडून पाय मोडले आणि डोक्यात किडा शिरला की आपणही लिहावं. वहीत लिहून झालं, मैत्रिणींना वाचून दाखवून झालं. मग वाटलं, आपली एक जागा हवी. दुसऱ्याच्या अंगणात चटई टाकून नाही, आपली. तिथे काय कुठे ठेवायचं, ओळ कुठे तोडायची, हे आपण ठरवायचं. नोकरीची दोन वर्षं उरली होती. बँकेत संगणकासमोर हयात गेली, पण तो संगणक म्हणजे दुसऱ्याने शिजवून वाढलेलं ताट. चूल कधी बघितली नव्हती.

चूल दाखवली गाडीतल्या एका मुलीने. आमच्या बायकांच्या डब्यात नावं कमी, ठिकाणं जास्त. 'फोर्ट आली नाही आज', 'भांडुपला बरं नाही', अशी भाषा. मी 'ठाणे'. ती 'ऐरोली', ठाण्याला उतरून वाशीकडची गाडी पकडायची आणि तिकडच्या एका कंपनीत दिवसभर सर्व्हरची देखभाल करायची. वय तिशीचं, खांद्यावर कायम काळी सॅक, आणि समजावून सांगण्याची हौस दांडगी. डोंबिवलीहून जलद गाडी सुटली की शाळा सुरू. बहुतेक वेळा उभ्यानेच, एका हाताने कडी धरून. कल्याणहून बसून आलेल्या बायका खालून ऐकत असायच्या. एकीने तर आमचं ऐकून ऐकून स्वतःच्या शिवणक्लासचं पान काढलं, माझ्याही आधी.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे खोली. मी तिथेच अडवलं. पत्ता दरवर्षी पैसे भरून नवा करावा लागतो, हा कसला पत्ता? आमच्याकडे थिएटर पाडून वर टॉवर उभा राहिला तरी रिक्षावाल्याला टॉकीज म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. ती म्हणाली, "ताई, इथे तो रिक्षावालाच नेम सर्व्हर आहे. आणि एकच नाही, जगभर हजारो स्टँड आहेत. तुमची खोली बदलली की ती बातमी एकेका स्टँडवर पोचायला वेळ लागतो. दोन दिवससुद्धा." झालंही तसंच. नाव घेतल्यावर पहिल्या संध्याकाळी माझं पान माझ्या फोनवर दिसायचं, नवऱ्याच्या फोनवर दिसायचं नाही. एकाच घरात, एकाच सोफ्यावर. मला ते फार आवडलं. बातमी चालत येते आहे, ठेचकाळते आहे, अजून आमच्या जिन्यापर्यंत आली नाही, असं काहीतरी.

हे सगळं सांगता सांगता पारसिकचा बोगदा यायचा. सव्वा किलोमीटरहून थोडा मोठा, १९१६ सालचा. आत शिरलं की फोनची रेंज जायची, आवाजाने कान भरायचे, आणि ऐरोली वाक्याच्या मधेच गप्प व्हायची. मिनिट-दीड मिनिट अंधारात सगळ्या जणी उभ्या. बाहेर पडलो की ती तोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायची. माझं निम्मं शिक्षण असं दोन तुकड्यांत झालं आहे, आणि मला वाटतं जे काही डोक्यात उतरलं ते बोगद्यातच उतरलं.

एचटीएमएलची मला भीती होती ती फुकटच. कुठल्याही पानावर जाऊन त्याचा 'सोर्स' बघता येतो, हे तिने दाखवलं तेव्हा छापखान्याच्या मागच्या दाराने आत शिरल्यासारखं झालं. पुढून गुळगुळीत पान, मागून सगळा फर्मा उघडा, दोऱ्यांनी आवळलेला. इथे परिच्छेद सुरू, इथे संपला. इथे अक्षर ठळक, इथे पुन्हा साधं. उघडलेली प्रत्येक खूण मिटवायची. एकदा ठळकपणा मिटवायला विसरले तर तिथून पुढे शेवटच्या ओळीपर्यंत सगळा लेख ओरडत होता. बाबा असते तर 'नळ चालू ठेवून आलीस' म्हणाले असते. सगळ्या गोष्टींसाठी ते हेच म्हणत.

पण एका गोष्टीने मला धक्का दिला. मी एक जुनी कविता चढवत होते. मधल्या ओळी थोड्या आत सरकवलेल्या, दोन शब्दांत मुद्दाम सोडलेली लांब जागा. स्पेसची पट्टी सात वेळा दाबली. पान उघडलं तर सात जागांची एकच झालेली. पुन्हा दाबली, दहा वेळा. पुन्हा एकच. ऐरोली म्हणाली, "एचटीएमएलला कितीही मोकळी जागा द्या, ते एकच धरतं. जास्त हवी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं." मी दिवसभर त्याच विचारात होते. बाबांच्या हातात मोकळी जागा ही वस्तू होती. शिशाचे कोरे तुकडे, अक्षरांपेक्षा जरा बुटके म्हणजे शाई लागणार नाही असे, वेगवेगळ्या रुंदीचे. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या. कवितेचं पान गद्याच्या पानाएवढंच जड असायचं. खिळ्यांच्या केसपेक्षा कोऱ्या तुकड्यांचा डबा लवकर रिकामा होतो, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा विनोद वाटायचा. आता माझ्याकडे फुकटची, न संपणारी जागा होती आणि यंत्र ती मोजायलाच तयार नव्हतं.

मग जुन्या फायलींचं प्रकरण निघालं. नव्वदच्या दशकात मराठी टायपायला सुरुवात केली होती तेव्हाचा मजकूर, तेव्हाच्या एका फॉन्टमधला. तो उघडला की इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हं यांची भेळ. कारण कळल्यावर मी चाटच पडले. त्या फॉन्टांनी यंत्राला मराठी शिकवलीच नव्हती. यंत्राच्या लेखी मी इंग्रजीच टायपत होते. फक्त त्या इंग्रजी अक्षरांच्या तोंडावर मराठी मुखवटे चढवलेले होते. फॉन्ट गेला, मुखवटे गळून पडले. दहा-बारा वर्षं मी मराठी लिहीत होते असं मला वाटत होतं, आणि खाली काही भलतंच साठत होतं.

युनिकोडने हे बदललं. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ घरांची एक सलग आळी मिळाली. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी, सगळ्यांनी मिळून तिथे राहायचं. बाबांच्या केसमध्ये काहीशे घरं होती आणि इथे एकशे अठ्ठावीस! पुरतात कशी? तर जोडाक्षरांना घरच नाही. क्ष आणि ज्ञ आपण वर्णमालेत मानाने शेवटी बसवतो, त्यांनाही नाही. क, मग हलन्त, मग ष, अशी सुटी माणसं ओळीने उभी असतात आणि वाचायच्या क्षणी फॉन्ट त्यांना जोडून क्ष उभा करतो. म्हणजे प्रत्येक फॉन्टच्या पोटात एक कंपोझिटर आहे. आपण नुसते खिळे पुरवतो, जुळवणं त्याचं. विंडोज २०००बरोबर जो 'मंगल' फॉन्ट घराघरात आला, तो र. कृ. जोशींचा. आपले कवी, सुलेखनकार. त्यांचं नाव न कळता लाखो लोकांनी त्यांच्या हाताने लिहिलं. ही गोष्ट शाळेत सांगायला हवी असं माझं मत आहे.

साठवणुकीची तऱ्हा आणखी गमतीची. यूटीएफ-८ नावाच्या ज्या पद्धतीने आज बहुतेक सगळं जाळं लिहिलं जातं, तिचा आराखडा १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी जेवता जेवता आखला. तिच्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीला तीन लागतात. आणि ते तीन उलगडायची पद्धत चुकली की प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला एक रोमन ए दिसू लागतो. ओळभर ए, पानभर ए. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी घाबरून संगणकच बंद केला. आता तो ए दिसला की बरं वाटतं. मजकूर हरवलेला नाही, फक्त दार चुकलं आहे, हे त्याच्यावरून कळतं.

पण माझी भुवई कुठे गेली होती?

उत्तर मिळालं घराजवळच्या टंकलेखन क्लासमध्ये. पूर्वी तिथून जाताना वीस-पंचवीस यंत्रांचा पाऊस ऐकू यायचा. आता संगणक आहेत, नुसती भुरभुर. क्लास चालवणाऱ्या बाई माझ्याहून मोठ्या. त्यांनी माझं 'दर्या' बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजीतून मराठी लिहिता ना? ते यंत्र अंदाज करतं हो. र, हलन्त, य दिलं की त्याला रफारच सुचणार. त्याला काय ठाऊक तुम्हाला दरी हवी की समुद्र?" मग त्यांनी इनस्क्रिप्टचा तक्ता पुढे सरकवला. १९८६ साली प्रमाण ठरलेली कळांची मांडणी: स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. "ओ दाबा. द. आता शिफ्ट धरून जे. मग डी. मग तिरकी रेघ. मग ई." मी दाबत गेले. द आला. ऱ आला, पायाशी ठिपका घेऊन. त्याचा पाय मोडला. य येताच तो ठिपका विरघळला, ऱ आडवा झाला, वाकला, आणि भुवई उमटली. दऱ्या.

डावा हात, उजवा हात. स्टिक आणि खिळा. मी काही बोलले नाही, बाईंना सांगत बसायला त्यांच्याकडे वेळही नव्हता, पुढची बॅच दारात उभी होती.

या ऱ ला युनिकोडात स्वतःचं घर आहे, ०९३१ क्रमांकाचं. मुळात ते द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत उतरवता यावा म्हणून ठेवलेलं; आपल्या भुवईची सोय त्याच घरात झाली. दुसरी वाटही आहे: साधा र, हलन्त, आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, शून्य रुंदीचा जोडक. ते टाकलं की र ला पुढच्याच्या डोक्यावर चढता येत नाही, तो जागेवरच अर्धा राहतो. त्या चिन्हाला रूप नाही, रुंदी नाही, शाई तर नाहीच. बाबांच्या कोऱ्या तुकड्यांना निदान वजन होतं. याला तेही नाही, आणि तरी ते मधून काढून घेतलं तर दरीत पाणी भरतं. ऐरोलीला हे सांगितलं तेव्हा तिलाही नवीन होतं. ती म्हणाली, "आम्ही कोडमध्ये असली अदृश्य अक्षरं सापडली की शिव्या देतो." आणि मग बोगदा आला.

दोन्ही वाटांनी आलेला 'दऱ्या' डोळ्यांना एकसारखा दिसतो, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. माझ्या जुन्या-नव्या लेखांत दोन्ही मिसळलेले. शोधायला गेलं की निम्मे सापडत, निम्मे लपत. एका रविवारी सकाळी बसून सगळे एकाच घरात आणले. छापून झाल्यावर खिळे परत टाकावेत तसे. स्वयंपाक त्या दिवशी नवऱ्याने केला, पिठलं-भात; जळका वास मला ऐकू आला नाही असं तो अजून सांगतो. वास ऐकू येत नाही, हे मी अजून सांगते.

मग आणखी एक. माझ्या पानावरचा ल आणि श मला नेहमी परका वाटायचा. ल ला दांडी, श ला गाठ, हिंदी पुस्तकासारखे. मला वाटलं फॉन्टच तसा. एकदा सोर्स चाळताना अगदी वरच्या ओळीत भाषेची खूण दिसली: एचआय. हिंदी. आयता साचा घेतला होता त्याच्यात ती आधीपासूनच होती. म्हणजे वर्षभर माझं पान प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण हिंदी आहोत असं सांगत होतं. ती दोन अक्षरं खोडून एमआर लिहिलं, पान पुन्हा उघडलं, आणि ल ला पाकळ्या फुटल्या. श ला देठ आला. मजकुरातलं एक अक्षर बदललं नव्हतं. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही रूपं असतात. ते फक्त विचारायची वाट बघत असतात. जो साचा बनवणारा असेल त्याच्यावर मी दोन दिवस चिडून होते, मग वाटलं, वरची ओळ न वाचता घरात राहायला गेले ती मीच.

कुलपाचं शिकायला सर्वात जास्त वेळ लागला. पत्त्याच्या आधी ते छोटं कुलूप दिसावं म्हणून जे प्रमाणपत्र लागतं, ते लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पण नव्वद दिवसांचं. मोठ्या जागांवर ते आपोआप नवं होतं. माझ्या स्वस्तातल्या खोलीत हाताने करावं लागे. म्हणून कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅसच्या नोंदींच्या मधे, दर तीन महिन्यांनी एका चौकोनात मी 'कुलूप' लिहून ठेवी. कामाच्या मावशींनी एकदा विचारलं, "ताई, दर बारीला कुलूप का बदलता? कोन येतंय का?" खरं उत्तर असं होतं की फारसं कुणी येत नाही.

आणि उतरवून ठेवणं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ची. तिथे हात लावला की तुकडे पडतील अशी पुस्तकं अजून कपाटात उभी आहेत. इकडे जिओसिटीज नावाच्या संकेतस्थळावर लोकांनी हौसेने मांडलेले संसार २००९च्या ऑक्टोबरात एका दिवसात बंद झाले. ऐरोलीने हे सांगितल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळा मजकूर मी पेनड्राइव्हवर उतरवते आणि तो पेनड्राइव्ह बाबांनी छापखाना बंद झाला तेव्हा आणलेल्या मूठभर खिळ्यांच्या डबीत ठेवते. त्या डबीत भुवई नाही. मी शोधली आहे. 'श्री' मात्र तीन आहेत.

२०१९ला मी निवृत्त झाले. २०२२च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा नवे रूळ सुरू झाले आणि जलद लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या. आता तिथून लांबच्या गाड्या जातात. ऐरोली हल्ली आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. परवा बऱ्याच दिवसांनी ठाण्याला निघाले. दुपारची वेळ, चक्क खिडकी मिळाली. फोनवर काहीबाही लिहीत होते. दिवा गेलं, आणि सवयीने मी थांबले, अंधाराची वाट बघत. अंधार आलाच नाही. गाडी मुंब्र्याच्या अंगाने उजेडातून निघाली. डोंगर पावसाने नुकता हिरवा झालेला आणि त्याच्या छातीवरून वर जाणारी, मुंब्रादेवीच्या देवळापर्यंत चढत गेलेली ती पांढुरकी रेघ. 'पायऱ्या' लिहायला घेतलं. यंत्राने घाईघाईने 'पायर्या' पुढे केलं. ते खोडलं, र वर अंगठा दाबून धरला, वर ऱ उगवेपर्यंत.

कळवा मागे पडलं. ठाण्याला उतरणाऱ्या बायका दाराकडे सरकू लागल्या.